शेवटच्या बांधीपासून

मु. पळसटोला, पोस्ट अर्जुनी मोरगाव
रविवार, ता. २२ सप्टेंबर १९३५

तीर्थरूप शांतामावशीस,
सुमित्राचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक लिहिली गेली. ती आधी दुरुस्त करते, मग खुशाली लिहिते. देवकावहिनीचे व्याकरणाच्या पुस्तकातले अठरा धडे पुरे झाले, असे मी तुम्हांला कळविले होते. अठरा हा आकडा खरा आहे. पण ते पहिले अठरा नाहीत, शेवटचे अठरा आहेत. पुस्तकात एकतीस धडे आहेत. आम्ही एकतिसाव्यापासून उलटे येत येत चौदाव्यापर्यंत पोचलो आहोत. पहिल्यापासून तेराव्यापर्यंतचे धडे झालेले नाहीत. पत्र टाकल्यावर चार दिवस मला जेवण गोड लागले नाही. मी खोटे लिहिले नव्हते, पण तुम्ही वाचताना खोटे समजणार हे मला लिहितानाच कळायला हवे होते.

हे असे का झाले तेही सांगते. वैशाखात माझे लग्न होऊन मी चिचगडला जाणार. शाळाखात्याच्या साहेबांनी बाबांना साफ सांगितले आहे की सातवी पास झालेली बाई गावातच राहणारी असेल, तरच पळसटोल्याला मुलींची शाळा मिळेल. मी पास आहे, पण मी जाणारी. वहिनी राहणारी. लग्नाआधी अर्जुनीला ती पाचवीपर्यंत शिकलेली आहे, गणित आणि भूगोल तिला माझ्याहून बरे येतात. अडते ते व्याकरणात. जुलैत पहिला धडा काढला आणि पाच आठवडे आम्ही पहिल्या दोन पानांवरच बसलो. मी विचारावे आणि तिने पाटीकडे बघत राहावे. मी रागावले नाही, पण मनात म्हटले की हिची बुद्धी जरा मंद आहे. बाबांना तसे बोलूनही दाखविले.

बाबा ओसरीत दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "पोरी, तू पानी कोणत्या बांधीपासून सोडतेस?"

तुम्हांला आमच्या तलावाची रीत ठाऊक आहे. बाबा गावाचे पाणकर. पावसाने ओढ दिली की तलावाचे तुडुम उघडून धानाला पाणी वाटायचे, कोणाला किती घटका ते ठरवायचे, हे काम आजोबांपासून आमच्याकडे. तलावाजवळच्या बांधीतल्या धानाला आधी पाणी दिले तर शेवटचा माणूस कोरडा राहतो, म्हणून आमच्याकडे पहिले पाणी नेहमी शेवटच्या बांधीला. ती भिजली की तिच्यावरची, मग तिच्यावरची. बाबा म्हणाले, "समोरून जमून नाही राहिलं, तर शेवटून जाऊन पाह्य. कोणती बांधी कुठून भिजली, हे धान पाहाते का?"

मी हसले, पण दुसऱ्या दिवशी एकतिसावा धडा काढला. वाक्याचे पृथक्करण. मावशी, वहिनीने पहिल्याच दिवशी चार लांब वाक्ये मोडून पाटीवर मांडली! तेव्हापासून आम्ही उलटे चालतो आहोत, आणि ती धावते आहे.

आता सांगा, हे चुकले का? पुस्तक बदलू का? सध्या रोज पाणी वाटप चालू आहे, बाबा व मनिरामदादा तलावाच्या पाळीवर, बांधावरच असतात. माय बरी आहे.

तुमची,
सुमित्रा


गोंदिया
रविवार, ता. २९ सप्टेंबर १९३५

चि. सुमित्रास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी आधी पोटभर हसले आणि मग डोक्याला हात लावला. उलटे व्याकरण! तुझ्या काकांना वाचून दाखविले, तर ते म्हणतात, आमची मालगाडीसुद्धा गार्डाच्या डब्याकडून कधी निघत नाही.

पण बाई, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. तुझ्या अठरा धड्यांवर विसंबून मी सातवीच्या परीक्षेच्या खाजगी उमेदवारांच्या यादीत देवकाचे नाव घालून आले. कारकुनाला म्हटले, अर्ध्याहून जास्त झाले आहे, उरलेले दिवाळीपर्यंत होईल. आता ऐक. व्याकरणाची परीक्षा लेखी आहे तशी तोंडीही आहे. तोंडी परीक्षेत साहेब पृथक्करण विचारीत नाहीत, त्यांना तेवढा वेळ कुठे? ते विचारतात नाम म्हणजे काय, सर्वनामाचे प्रकार किती, अमुक शब्द विभक्तीत चालव. म्हणजे तुझे ते पहिले तेरा. जे तू सोडलेस, तेच.

आणखी एक. घरी शिकलेल्या उमेदवाराला शिकविणाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. नमुना सोबत पाठविते. खालची ओळ नीट वाच: "वरील उमेदवाराने व्याकरणाचा संपूर्ण क्रम माझ्यासमक्ष पुरा केला आहे, असे मी खात्रीपूर्वक लिहून देते." वर एक रकाना आहे, कोणत्या पुस्तकाने अथवा क्रमाने शिकविले तो. सही तुझी. दाखला दहा फेब्रुवारीच्या आत कचेरीत पोचला पाहिजे. मी तुला ओळखते. लहानपणी इथे राहायला होतीस तेव्हा चिमूटभर साखर खाल्लीस तरी येऊन सांगत होतीस. तेव्हा "संपूर्ण" हा शब्द तुला झोपू देणार नाही, हे मला ठाऊक आहे. आणि दाखला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर शाळा नाही.

म्हणून तुझे पुस्तक बाजूला ठेव. उद्याच्या गाडीने अर्जुनी स्टेशनवर एक गठ्ठा येईल, मनिरामला आणायला सांग. त्यात तीन क्रम आहेत. पहिले लहान पुस्तक प्रश्नोत्तरांचे आहे, आईबापांनी घरी विचारायचे आणि मुलाने म्हणायचे. दुसरे जाडे, नियम आधी आणि उदाहरणे मागून. तिसरी माझ्या हातची वही आहे. शाळेत येऊ न शकणाऱ्या इथल्या मुलींना मी गेली सहा वर्षे तीच पाठविते. मुद्दाम सांगत नाही, पण त्या वहीवर नऊ मुली पास झाल्या. तिन्ही चालवून पाहा, आणि जो क्रम देवकाला मानवेल तो धर. पण समोरून.

उदारामभाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावे, पाण्याचे तुम्ही बघा, व्याकरणाचे मला बघू द्या.

तुझी मावशी,
शांता


मु. पळसटोला
रविवार, ता. ३ नोव्हेंबर १९३५

ती. शांतामावशीस,
सुमित्राचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखविले. शेवटच्या ओळीवर ते म्हणाले, "मावशी तुही खरी हाये. मी कायले बोलू?" आणि दोर वळू लागले. पण त्यांना लागले असावे असे मला वाटते.

दिवाळी झाली. गावात मंडईची जत्रा भरली, दंडारीचा खेळ झाला, आणि मी एकदाही पाहायला गेले नाही. मी हे कौतुकासाठी सांगत नाही. मला बाहेर तोंड दाखवावेसे वाटत नव्हते.

तिन्ही क्रम चालवून पाहिले. प्रत्येकाला दहा दिवस दिले, कमी नाही जास्त नाही. जे घडले ते जसेच्या तसे लिहिते.

प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात मी विचारायचे आणि वहिनीने म्हणायचे. "नाम म्हणजे काय?" तिने व्याख्या बरोबर सांगितली. "उदाहरण दे." गप्प. पुस्तकातले उदाहरण समोर छापलेले होते, ते वाच म्हटले तर तेही वाचेना. म्हणाली, "सुमित्राबाई, मले तहान लागली," आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी सारवण होते. तिसऱ्या दिवशी डोके दुखत होते. जाड्या पुस्तकात नियम तिने भराभर पाठ केले, पण विभक्तीचा तक्ता आला आणि पुन्हा तेच, तोंडाला कुलूप. तुमची वही मी शेवटी काढली, तिच्यावर माझी सगळी आशा होती. तिसऱ्या पानावर वहिनी थांबली. मी म्हटले, "वहिनी, नऊ मुली ह्या वहीने पास झाल्या." ती म्हणाली, "झाल्या असतीन. त्यायचं त्यायच्यापाशी."

मनिरामदादा जाता जाता म्हणाला, "काऊन छळून राहिली तिले? तिले नाही जमत तं नाही जमत. शाळा नाही झाली तं गाव मरते का?" वहिनीने त्याच्याकडे असे पाहिले, की तो जेवल्याशिवाय शेतावर गेला.

शेजारचे दुलीचंदकाका तर रोज कुंपणावरून विचारतात, "सून साहेब झाली का? मले पट्टेवाला ठेवजो म्हणा."

मावशी, मी दाखल्यावर सही करू शकत नाही. "संपूर्ण" सोडा, पहिला धडाही तिने माझ्यासमक्ष म्हटलेला नाही. तुम्ही माझ्या चुकीच्या पत्रावर विसंबून तिचे नाव घातलेत, त्याचा दोष माझ्याकडे. यादीतून नाव काढून घेण्यासाठी काय करावे लागते ते कळवावे. मला तिची लाज वाटत नाही, माझी वाटते. मला शिकविता येत नाही.

तुमची,
सुमित्रा


मु. पळसटोला
ता. ५ नोव्हेंबर १९३५

पूजनीय मावशीबाईंस,
देवकाचा नमस्कार.

मी तुम्हांला पहिल्यानेच पत्र लिहीत आहे. चुका असतील त्या पोटात घालाव्या. सुमित्राबाईंनी तुम्हांला परवा काय लिहिले ते मला माहीत आहे, कारण त्या लिहिताना रडत होत्या आणि कागद चुलीजवळ वाळवीत होत्या. माझे नाव काढू नका.

मला सगळे येते. नाम येते, सर्वनाम येते, विभक्तीचा तक्ता मी अर्जुनीला तिसरीत असताना धडाधडा म्हणत होते, मास्तर दुसऱ्या वर्गात नेऊन म्हणवीत होते. तेव्हा माझे लग्न झाले नव्हते.

आता तुम्हीच तुमची वही काढून पाहा. पान तीन. आंबा कोण खातो? पान पाच. वनात कोण जातो? पान आठ. कोणाला, कोणाने, कोणापासून, कोणाचा? प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात तोच. जाड्या पुस्तकात आठही विभक्तींत तोच. सुमित्राबाईंच्या पुस्तकात पहिल्या तेरा धड्यांत तोच, चौदाव्यापासून शेतकरी, राजा, वाघ असे लोक येतात. मामाजींचे नाव तुम्हांला माहीत आहे. ह्यांचेही माहीत आहे. दोघांच्याही नावाचा शेवट काय होतो ते मी लिहीत नाही, तुम्ही शिकलेल्या आहात.

मामाजी ओसरीत दोर वळत बसतात आणि आमचा अभ्यास ऐकतात. त्यांना आवडते म्हणून ऐकतात. त्यांच्या समोर मी ते नाव आठ वेळा म्हणू का? त्यांच्या पाठीमागेही म्हणत नाही. गावात सगळे एकमेकांना त्या नावाने हाक घालतात, मी नमस्कार म्हणते. सुमित्राबाईंना वाटते ही अर्जुनीची, म्हणून नमस्कार म्हणते.

त्यांना का सांगितले नाही असे तुम्ही विचाराल. त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी सांगितले असते, तर त्या त्याच पावली ओसरीत जाऊन बाबा, तुमच्या नावामुळे वहिनी अडली, असे बोलल्या असत्या. मग मामाजी अभ्यासाच्या वेळी उठून बाहेर जाऊन बसले असते. त्यांच्याच घरात त्यांना माझ्यामुळे उठावे लागावे हे मला नको. त्यांनीच तर मला शेवटच्या धड्यापासून वाट काढून दिली. त्यांना कारण माहीत नव्हते तरी दिली.

मंदबुद्धी म्हटलेले मी ऐकले होते. त्याचा राग आला होता, आता नाही. मला शाळा पाहिजे. लहान पोरी पाळीवर म्हशी घेऊन बसतात आणि मला विचारतात, वहिनी, काय वाचता? मला त्यांना शिकवायचे आहे.

तुमची वही चांगली आहे. आंबा दुसऱ्या कोणी खाल्ला असता तर बरे झाले असते.

आपली,
देवका


गोंदिया
गुरुवार, ता. १४ नोव्हेंबर १९३५

चि. सुमित्रास आशीर्वाद.

नाव काढायचे नाही. यादीत देवका आहे आणि राहील.

मला एक पत्र आले आहे. कोणाचे ते विचारू नको, विचारलेस तरी सांगणार नाही, आणि सांगितल्यावाचून तुला कळलेच तर ओसरीत धावत जायचे नाही. ही माझी आज्ञा समज. ते पत्र मी तीनदा वाचले. त्यात एक चूक नाही. तुझी वहिनी मंदबुद्धी असेल, तर या शाळेतल्या आम्ही सगळ्या बाया उद्यापासून पाटी घेऊन खाली बसतो.

तुझ्याजवळची चारही पुस्तके घे, माझी वही धरून. त्यातली माणसे बघ. पहिल्या पानांत कोण बसला आहे? आता तुमच्या घरातली माणसे बघ, आणि कोण कोणाची सून आहे ते आठव. दोन मिनिटांचे काम आहे. मला सहा वर्षांत जमले नाही. माझ्या वहीवर नऊ मुली पास झाल्या असे मोठ्या तोऱ्यात लिहिले होते ना? चार मध्येच सोडून गेल्या, हे लिहिले नव्हते. त्या चौघी लग्न झालेल्या होत्या. आम्ही समजलो घरकाम पडले. आज मी त्यांच्या सासऱ्यांची नावे आठवीत बसले आहे, आणि दोघांची तरी आठवली.

तेव्हा तुझी चूक आणि माझी चूक सारखीच. क्रम तू निवड. मी आता कोणता धर म्हणून सांगत नाही. उलटा धरलास तरी चालेल. भाऊजींना माझा नमस्कार सांग आणि मागच्या वेळची शेवटची ओळ मी परत घेतली म्हणावे.

तुझी,
शांतामावशी


मु. पळसटोला
रविवार, ता. ८ डिसेंबर १९३५

ती. शांतामावशीस,
सुमित्राचा साष्टांग नमस्कार.

मी ओसरीत धावत गेले नाही. तीन आठवडे झाले, अजून गेलेली नाही. हे मला किती जड गेले ते तुम्हीच समजा.

तुमचे पत्र वाचून मी कोठीत जाऊन बसले. मी या घरची मुलगी. बाबांचे आणि दादाचे नाव मी दिवसातून वीस वेळा घेते, म्हणून मला ते पुस्तकात दिसलेच नाही. पाच आठवडे मी तिला रोज तेच म्हणायला सांगत होते! संध्याकाळी वहिनी धान कांडत होती, तिच्याजवळ जाऊन मी म्हटले, "वहिनी, मी तुला मंद म्हटले होते. ते चूक आहे. मी ते परत घेते." ती मुसळ न थांबविता म्हणाली, "बरं झालं. तिकडून सूप द्या."

बाबांनाही सांगणे भाग होते, कारण चुकीचे मी त्यांच्याशीच बोलले होते. कारण न सांगता एवढेच म्हटले, "बाबा, वहिनीची बुद्धी माझ्याहून तेज आहे." ते म्हणाले, "हे तुले आता समजून राहिलं?"

क्रम निवडला. खरे म्हणजे निवडला नाही, नवा केला. दोनशे पानांची वही आणली आणि वहिनी व मी मिळून लिहीत आहोत. व्याख्या जाड्या पुस्तकातल्या घेतल्या, त्या सर्वांत नेमक्या आहेत. विचारण्याची पद्धत प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातली. अभ्यासाची विभागणी तुमच्या वहीतली. आणि चाल बाबांची: आधी पूर्ण वाक्य, मग त्याचे तुकडे, मग शब्द, आणि शेवटी विभक्ती. माणसे मात्र सगळी बदलली. आंबा आता म्हातारी खाते. वनात गोंड बाई मोहफुले वेचायला जाते. चालवायला आम्ही "तलाव" घेतला. तलाव, तलावास, तलावाने. वहिनीने पहिल्या दिवशी तो असा म्हटला की ओसरीतला दोर थांबला. बाबा म्हणाले, "हे तं आपलंच होय!"

बाबांनी मग दोन वाक्ये स्वतः सांगितली, "लिहून घ्या" म्हणाले. एक असे: "ज्याची बांधी शेवटी, त्याले पानी आधी." मी ते पुस्तकी करून लिहिले. वहिनीने त्यातले मुख्य वाक्य व गौण वाक्य वेगळे करून दाखविले, तेव्हा ते मान डोलवीत म्हणाले, "म्हंजे मी एवढ्या वर्षांपासून दोन वाक्यं बोलून राहिलो होतो, मले पत्ताच नाही."

तेरापैकी अकरा धडे झाले. पण एक काटा उरला आहे. साहेबांनी तोंडी परीक्षेत नेमका तोच शब्द चालवायला दिला तर? साहेबांना घरची गोष्ट काय माहीत? क्रमात मी तो शब्द गाळला आहे. मग क्रम संपूर्ण कसा म्हणू? तुम्ही एक करा. बंद लिफाफ्यात प्रश्न पाठवा, मी आधी उघडणार नाही.

तुमची,
सुमित्रा


गोंदिया
ता. २ जानेवारी १९३६

चि. सुमित्रास आशीर्वाद.

सोबत लिफाफा. चोवीस प्रश्न आहेत, लाखेची मोहोर आहे. मळणी संपून घर मोकळे झाले की सर्वांसमक्ष फोड. मी कोणावर दया केलेली नाही.

शांतामावशी


मु. पळसटोला
रविवार, ता. २६ जानेवारी १९३६

ती. शांतामावशीस,
सुमित्राचा साष्टांग नमस्कार.

काल दुपारी लिफाफा फोडला. मळणी आटोपली म्हणून माणसे मोकळी होती, आणि दुलीचंदकाकांनी गावभर सांगितले असावे. अंगणात तीस-पस्तीस लोक. बाया तुळशीजवळ, पुरुष बैलगाडीवर आणि खाली. वहिनी पदर सारखा करून पाटी घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली. मोहोर बाबांनी फोडली. कागद माझ्या हाती दिला.

एक ते तेवीस प्रश्नांचे काय लिहू? तिने सगळे सांगितले. सर्वनामांच्या प्रकारांत एकदा अडखळली, मी वहीत नोंद केली आहे. सातव्या प्रश्नानंतर दुलीचंदकाका म्हणाले, "हे बरोबर सांगते का चूक, आपल्याले काय समजते?" वहिनीने तिथूनच म्हटले, "काकाजी, एक वाक्य बोला, मी मोडून दाखवतो." ते म्हणाले, "माही म्हैस हरवली तं मी काय करू?" तिने मोडून दाखविले, आणि पुढे म्हणाली, "अन् हरवली तं अभ्यास आयकत बसू नका, शोधाले जा." अंगण हसले. काका सगळ्यांत जास्त हसले.

चोविसावा मी आधी मनात वाचला. "राम हा शब्द आठही विभक्तींत चालवा." मावशी, तुम्ही खरेच दया केली नाही. मी कागद घडी घालू लागले. म्हटले, झाले, तेवीसच आहेत. असे खोटे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि तेही पस्तीस माणसांत.

वहिनीने हात पुढे केला. कागद घेतला, वाचला, मला परत दिला. "सुमित्राबाई, मोठ्यानं वाचा. नाव तुमच्या बाबांचं हाये, तुम्हाले चालते."

मी वाचले. सगळ्या बायांनी पदर तोंडाला लावले. बाबा तिथेच मोहोरेचा तुकडा हातात धरून बसले होते, आणि तेव्हा त्यांना कळले. जुलैपासूनचे सगळे एका क्षणात कळले असावे. ते उठू लागले. वहिनी म्हणाली, "मामाजी, बसा. तुम्हाले उठवाचं नाही."

तिने पाटी उलटी केली आणि लिहिले. आठ ओळी, एकवचन व अनेकवचन. एक अक्षर खोडले नाही. पाटी माझ्या हाती दिली आणि मी मोठ्याने वाचली. सगळे बरोबर होते. दुलीचंदकाका म्हणाले, "ही तं मुकी परीक्षा झाली." माय, जी कधी पुरुषांत बोलत नाही, ती म्हणाली, "मुकी कायची? आठ वेळा लिवलन. तुमच्या घरी कोणी एकदा लिवून दाखवा."

बाबांनी पाटी मागून घेतली. आठही ओळी बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "सरकारच्या कागदात माहे आठ रूपं हायेत म्हणे. घरात एकच हाये, दोर वळणारं." पाटी त्यांनी पुसू दिली नाही. ती अजून देवघरात आहे.

संध्याकाळी मी वहिनीला कोठीत गाठले. "साहेबांसमोर लिहून चालणार नाही. तोंडाने म्हणावे लागेल. म्हणशील?"

"म्हणीन."

"इथे एकदा म्हण. मी एकटीच आहे, दार लावते."

"नाही."

"मग तिथे कशी म्हणशील?"

"इथं मी सून हाये. तिथं मी नंबर राहीन. नंबराले सासरा नसते."

"पण मी ऐकल्याशिवाय सही कशी करू, वहिनी? 'माझ्यासमक्ष' असे लिहिले आहे."

"तो तुमचा अभ्यास हाये," ती म्हणाली, "माहा झाला."

मी बाबांकडे गेले. आता सांगायला हरकत नव्हती. ते तुडुमाकडे निघाले होते, मी बरोबर पाळीवर गेले. तुडुमाची भोके बुजविणाऱ्या वरच्या खुंट्या दिसतात, खालची पाण्याखाली असते. पाणी कमी झाले की बाबा बुडी मारून तीच काढतात. मी त्यांना माझी अडचण सांगितली. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "खालची खुंटी मी कधी डोळ्यानं पाह्यली नाही. हातानं समजते. गावाले पानी देताना मी सांगतो का, की पाह्यली नाही म्हणून देत नाही?" मग म्हणाले, "तिच्या तोंडाचा भरोसा तुले नसन तं नको करू सही. मले हाये."

रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत मी विचार केला. वहिनीने मला आजवर एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही. गप्प राहिली, पण खोटे बोलली नाही. काल खोटे बोलले ते मी. तेव्हा भरवसा कोणाचा धरायचा हे उघड आहे.

दाखला मी असा भरला आहे. क्रमाच्या रकान्यात: "घरी तयार केलेला क्रम, शेवटून आरंभ. रचना: सुमित्रा व देवका. चाल: पळसटोल्याचे पाणकर यांची." खात्रीच्या ओळीखाली बारीक अक्षरात: "एक शब्द उमेदवाराने माझ्यासमक्ष लिहून चालविला, तोंडाने म्हणून दाखविला नाही. तो ती परीक्षकांसमोर म्हणेल अशी माझी खात्री आहे." कारकून हसेल. हसू द्या. ह्या दाखल्यात खोटे काही नाही आणि लपविलेलेही काही नाही.

दहा तारखेपर्यंत थांबायचे कारण उरलेले नाही. सहीची जागा मी रिकामी ठेवली आहे. पोस्टमास्तरांसमक्ष, बाबा व वहिनी दोन्ही बाजूंना असताना मला ती करायची आहे. अर्जुनीच्या पोस्टात जाऊन मी दाखल्यावर सही करणार आणि रजिस्टरने तुमच्याकडे पाठविणार, तो दिवस शनिवार, ता. १ फेब्रुवारी १९३६.

तुमची,
सुमित्रा